कुत्रं-मांजर, गाय-शेळी आणि आपण : प्राणी पाळण्याचे नियम मुलांना कसे समजवावेत?



परिसर अभ्यासात 'पाळीव प्राणी' हा घटक आपण सगळेच शिकवतो. गाय दूध देते, कुत्रा घराची राखण करतो, मांजर उंदीर पकडते, मेंढीपासून लोकर मिळते. प्राणी आपल्याला काय देतात याची यादी मुलं धडाधड म्हणून दाखवतात. पण आपण त्या प्राण्यांचं काय देणं लागतो, आणि आपल्या प्राण्यामुळे शेजाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून काय करायचं, हा भाग बहुतेक वेळा राहूनच जातो. माझ्याकडूनही तो बरीच वर्षं राहिला होता.

मग एक दिवस वर्गात एक प्रसंग घडला. तिसरीतली एक मुलगी लंगडत आली. विचारलं तर म्हणाली, "पडले बाई." मधल्या सुट्टीत तिचा मोजा खाली सरकला तेव्हा पोटरीवर दाताचे आणि नखाचे ओरखडे दिसले. वर हळद भरलेली होती. जवळ बसवून हळूच विचारलं तेव्हा रडायलाच लागली. शाळेच्या वाटेवर एक पिल्लू होतं, त्याला ती रोज डब्यातली अर्धी पोळी द्यायची. तीन दिवसांपूर्वी खेळता खेळता ते चावलं होतं. घरी सांगितलं नव्हतं. का? तर, "आई म्हणाली होती, पुन्हा त्या पिल्लाला हात लावलास तर त्याला पोत्यात घालून लांब सोडून येईन."

त्याच दुपारी तिच्या आईला बोलावून आम्ही तिघी प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. डॉक्टरांनी जखम धुतली, लस सुरू केली आणि एवढंच म्हणाले, "उशीर झाला तरी लस द्यायचीच असते. पण तीन दिवस का वाया घालवले?"

त्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी होतं, आणि त्यात माझाही वाटा होता. 'कुत्र्याला हात लावू नका' एवढंच मी वर्गात सांगितलं होतं. 'हात लावलाच, आणि काही झालं, तर काय करायचं' हे सांगितलंच नव्हतं. धाकाने शिकवलेला नियम मुलं मोडतात आणि वर ती गोष्ट लपवतात. नियमामागचं कारण कळलं तर निदान येऊन सांगतात. म्हणून हा पाठ मी नव्याने तयार केला. तोच इथे देत आहे.

१. नियम कुणी केले आणि कशासाठी?

मुलांना आधी एक गोष्ट स्पष्ट सांगावी. प्राण्यांचे नियम दोघांसाठी असतात. माणसाला प्राण्यापासून इजा होऊ नये, आणि प्राण्याला माणसापासून इजा होऊ नये. एकच बाजू शिकवली तर पाठ अर्धा राहतो.

आपल्या संविधानातल्या मूलभूत कर्तव्यांमध्ये (अनुच्छेद ५१-क) प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य सांगितलेलं आहे. मूलभूत कर्तव्ये पाठ करून घेताना या ओळीवर थोडं थांबा. मुलांना ती लगेच भावते.

नियम तीन पातळ्यांवर असतात:

- देशाचे कायदे : प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांविषयीचा २००९ चा कायदा, आणि भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाविषयीचे २०२३ चे नियम.
- राज्याचे नियम : गुरांचे बाजार, जनावरांची वाहतूक, लसीकरण यांविषयी शासन वेळोवेळी आदेश काढतं.
- स्थानिक संस्थेचे नियम : शहरात महानगरपालिका किंवा नगरपालिका, गावात ग्रामपंचायत. कुत्र्याची नोंदणी, मोकाट जनावरं, कोंडवाडा, कचरा, मेलेल्या जनावरांची विल्हेवाट ही कामं यांच्याकडे येतात.

रोजच्या जगण्यात आपला संबंध येतो तो तिसऱ्या पातळीशी. त्यामुळे 'आपल्या गावात हे काम कोण करतं?' हा प्रश्न पाठात सारखा विचारत राहावा.

२. सगळ्यात पहिला धडा : चावलं, बोचकारलं तर काय करायचं?

बाकीचे नियम उद्या शिकवले तरी चालतील, हा मात्र आजच शिकवा. कारण यात जीवाचा प्रश्न आहे.

रेबीज हा विषाणूमुळे होणारा रोग आहे. पिसाळलेल्या प्राण्याच्या लाळेतून तो शरीरात जातो आणि नसांमधून मेंदूपर्यंत पोहोचतो. एकदा लक्षणं दिसू लागली की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं. पण लक्षणं दिसण्याआधी योग्य उपचार घेतले तर रोग टाळता येतो. मधला हा काळ बहुतेकदा काही आठवड्यांचा ते काही महिन्यांचा असतो, कधी त्याहून कमीही असतो. त्यामुळे 'बघू दोन दिवस' असं म्हणायचं नाही. मुलांची उंची कमी असल्याने त्यांना चेहऱ्याला, मानेला, हाताला चावा बसण्याची शक्यता जास्त असते, आणि जखम मेंदूच्या जितकी जवळ तितका धोका अधिक.

मुलांकडून या पायऱ्या पाठ करून घ्या:

१. आधी सांगा. घरी आई-बाबांना, शाळेत बाईंना किंवा सरांना. आपली चूक असली तरी सांगा.
२. धुवा. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची. पाणी ओतलं आणि झालं, असं नाही. विषाणू धुऊन काढण्याचं मोठं काम इथेच होतं.
३. दवाखान्यात जा. त्याच दिवशी. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि सरकारी रुग्णालयात ही लस मोफत दिली जाते.
४. सगळे डोस पूर्ण करा. सरकारी दवाखान्यात त्वचेत दिल्या जाणाऱ्या लसीचे दिवस साधारण ०, ३, ७ आणि २८ असे असतात. ० म्हणजे पहिला डोस घेतला तो दिवस. दंडात स्नायूमध्ये दिली तर दिवस ०, ३, ७, १४ आणि २८ असे पाच होतात. दोन डोस झाले, जखम भरली, आता कशाला जायचं, असं करू नये.

काय करायचं नाही? जखमेवर तिखट, चुना, हळद, कॉफी, तेल, माती काही लावायचं नाही. चटका द्यायचा नाही. घट्ट पट्टी बांधायची नाही. मंत्र-तंत्र करून विष उतरवणाऱ्याकडे वेळ घालवायचा नाही. 'पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात' ही भीती अजून कितीतरी घरांत आहे. ती जुनी पद्धत केव्हाच बंद झाली, हे पालकसभेत आवर्जून सांगा. त्या भीतीपोटीच अनेकजण दवाखाना टाळतात.

जखमेचे तीन प्रकार मानतात, हे मोठ्यांनी लक्षात ठेवावं. धड कातडीवर नुसतं चाटलं, तर धुणं पुरेसं. रक्त न येता ओरखडा उठला किंवा कातडीवर दात रुतले, तर लस. रक्त आलं, किंवा आधीच्या जखमेला, ओठांना, डोळ्यांना लाळ लागली, तर लस आणि शिवाय जखमेत देण्याचं वेगळं इंजेक्शन (इम्युनोग्लोब्युलिन). कोणता प्रकार हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. 'कुत्रं घरचंच आहे' किंवा 'मांजरच तर होती' म्हणून सोडून देऊ नका. मांजर, माकड यांच्यापासूनही रेबीज होऊ शकतो.

चावलेल्या कुत्र्यावर किंवा मांजरावर दहा दिवस लक्ष ठेवायचं असतं. ते दहा दिवस धडधाकट राहिलं तर पुढच्या डोसबद्दल डॉक्टर सांगतील. पण लस सुरू करायला दहा दिवस थांबायचं नाही. आणि याच कारणासाठी चावलेल्या कुत्र्याला रागाने मारून टाकणं किंवा लांब सोडून येणंही चूक आहे. कुत्रंच हरवलं तर लक्ष कशावर ठेवणार?

३. घरचा कुत्रा, घरचं मांजर

'आमचा टायगर कुणाला चावत नाही' असं प्रत्येक घरी म्हणतात. तो घरच्यांना चावत नाही एवढाच त्याचा अर्थ. कुत्रा पाळणाऱ्याने या गोष्टी करायच्याच असतात:

नोंदणी. महानगरपालिकांच्या हद्दीत पाळीव कुत्र्याचा परवाना काढावा लागतो आणि त्यासाठी रेबीजची लस दिल्याचा दाखला लागतो. नगरपालिका आणि ग्रामपंचायतीचे नियम ठिकाणागणिक वेगळे असतात, ते कार्यालयात विचारून घ्या.

लसीकरण. पिल्लू साधारण तीन महिन्यांचं झालं की रेबीजची पहिली लस द्यायची. पुढचे डोस आणि दरवर्षीची लस पशुवैद्यकीय डॉक्टरांच्या सल्ल्याने. कार्ड जपून ठेवायचं, जसं आपण बाळाच्या लसीचं कार्ड ठेवतो तसं. आपल्या कुत्र्याची लस, निर्बीजीकरण आणि पिल्लांवर नियंत्रण ही मालकाची जबाबदारी आहे, असं २०२३ चे नियम स्पष्ट सांगतात.

पट्टा आणि साखळी. बाहेर नेताना पट्टा हवा आणि तो धरणारा माणूस कुत्र्याला आवरू शकणारा हवा. सात वर्षांच्या मुलाच्या हातात मोठ्या कुत्र्याची साखळी देऊ नये. पण याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. आखूड किंवा जड साखळीने तासन् तास बांधून ठेवणं, कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवूनच न आणणं, उपाशी-तहानलेलं ठेवणं, मारणं हे १९६० च्या कायद्याच्या ११ व्या कलमानुसार गुन्हे आहेत. मुलांना विचारा, "तुम्हाला दिवसभर बाकाला बांधून ठेवलं तर?" उत्तर त्यांच्या चेहऱ्यावरच दिसतं. कायम बांधलेलं कुत्रं चिडकं होतं आणि सुटलं की चावतं, हेही त्यांना लगेच पटतं.

घाण उचलणं. फिरवताना रस्त्यात, कुणाच्या दारात घाण झाली तर ती उचलायची. कागद किंवा पिशवी सोबत न्यायची. यात कमीपणा कसला?

सोडून न देणं. सबळ कारण नसताना आपलं जनावर वाऱ्यावर सोडणं हाही त्याच कलमाखाली गुन्हा आहे. मांजरीची पिल्लं पोत्यात घालून बाजाराच्या गावी सोडणं, म्हातारं झालेलं कुत्रं हायवेवर उतरवून येणं हे आपण पाहतो आणि गप्प बसतो. पिल्लं नको असतील तर निर्बीजीकरण हा उपाय आहे.

या कायद्यातला दंड ऐकून मोठी मुलं हसतात. पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये! १९६० साली हे आकडे लिहिले गेले. पण एवढ्यावर ही गोष्ट थांबत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार, आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची पुरेशी काळजी घेतली नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि कलम ३२५ नुसार कुणाचं नुकसान करण्यासाठी त्याचं जनावर मारणं, विष घालणं, जायबंदी करणं याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दोन्ही बाजूंनी कायदा आहे, हेच मुलांना दाखवायचं.

४. भटकी कुत्री : मारायची नाहीत, मग करायचं काय?

पालकसभेत हा विषय निघाला की सभा दोन गटांत वाटली जाते. एक गट म्हणतो, सगळी उचलून न्या. दुसरा म्हणतो, मुक्या जनावराला काय कळतं, खाऊ घाला. अशा वेळी आपण भांडणात न पडता माहिती द्यावी.

भटक्या कुत्र्यांची संख्या आवरण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेची आहे. पद्धत अशी : कुत्रं पकडायचं, निर्बीजीकरण करायचं, रेबीजची लस द्यायची, ओळखीसाठी कानाला छोटी खाच करायची आणि जिथून पकडलं त्याच भागात परत सोडायचं. कानाला खाच असलेलं कुत्रं दिसलं की समजायचं, याचं ऑपरेशन झालंय.

'परत तिथेच कशाला?' हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. कुत्री आपली हद्द राखतात. एका गल्लीतली सगळी उचलली तर ती जागा रिकामी राहत नाही, शेजारच्या भागातली, लस न दिलेली नवी कुत्री येतात. कुत्रीला साधारण दोन महिन्यांत पिल्लं होतात आणि एका वेळी चार-सहा तरी होतात. म्हणून पाच-दहा कुत्र्यांचं ऑपरेशन करून उपयोग होत नाही. भागातल्या किमान ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

पिसाळलेलं किंवा पिसाळल्याचा संशय असलेलं कुत्रं ही वेगळी गोष्ट. लाळ गळते, उगाच अंगावर येतं, तोल जातो, आवाज बदलतो, असं दिसलं तर मुलांना वर्गात घ्या, दार लावा आणि ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला लगेच कळवा. स्वतः काठ्या घेऊन मागे लागू नका.

खाऊ घालण्याचेही नियम आहेत. २०२३ च्या नियमांप्रमाणे कुत्र्यांना खाऊ घालण्याची जागा ठरवलेली असावी. लहान मुलं खेळतात तिथे, जिन्यात, इमारतीच्या येण्या-जाण्याच्या वाटेवर ती नसावी. वेळही अशी असावी की मुलांची आणि म्हाताऱ्या माणसांची वर्दळ नसेल. शिवाय खाऊ घालणाऱ्याने जागा स्वच्छ ठेवायची. आमच्या शाळेच्या फाटकाशी मुलं डब्यातलं उरलेलं टाकायची आणि कुत्री तिथेच ठाण मांडून बसायची. आम्ही दोष कुत्र्यांना देत होतो. खरकट्यासाठी मागच्या बाजूला झाकणाचं पिंप ठेवलं आणि आठ-दहा दिवसांत फाटक मोकळं झालं. उघडा कचरा हेच कुत्र्यांचं जेवणाचं ताट असतं.

शाळांसाठी आणखी एक गोष्ट. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडा संकुले, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातली भटकी कुत्री हलवून, निर्बीजीकरण आणि लसीकरण करून निवारागृहात ठेवण्याचे आणि पुन्हा त्याच आवारात न सोडण्याचे निर्देश दिले. आवाराला कुंपण आणि फाटक हवं, असंही सांगितलं. पडकी भिंत, मोडकं फाटक असेल तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठराव घ्या आणि ग्रामपंचायतीला लेखी द्या. तोंडी सांगितलेलं कुठेच नोंदलं जात नाही.

५. गुरं, शेळ्या आणि कोंडवाडा

खेड्यातल्या मुलांना हा भाग जास्त जवळचा आहे. 'कोंडवाडा' हा शब्द मुलांना विचारा. आमच्या वर्गात दोघांनाच माहीत होता, तोही आजोबांकडून. पूर्वी जवळपास प्रत्येक मोठ्या गावात कोंडवाडा असे. १८७१ च्या कायद्यापासून ही पद्धत चालत आली आहे आणि आता गावात कोंडवाड्याचं काम ग्रामपंचायतीकडे असतं.

कुणाचं जनावर दुसऱ्याच्या पिकात शिरलं तर शेतकरी ते कोंडवाड्यात नेऊन घालू शकतो. तिथे जनावराला चारा-पाणी देणं कोंडवाड्याचीच जबाबदारी असते. मालकाने दंड आणि चाऱ्याचा खर्च भरून जनावर सोडवून न्यायचं. मुदतीत कुणी आलंच नाही तर लिलाव होतो. कोंडवाड्यातून जनावर जबरदस्तीने पळवून नेणं हा वेगळा गुन्हा आहे. किती सरळ व्यवस्था आहे बघा. शेतकऱ्याने जनावराला कुऱ्हाड मारायची नाही, मालकाने नुकसानीची जबाबदारी टाळायची नाही, आणि जनावर उपाशी राहायचं नाही. आज कितीतरी गावांत कोंडवाड्याच्या जागी नुसत्या पडक्या भिंती उरल्यात आणि मोकाट गुरं रात्री डांबरी रस्त्यावर बसतात. काळोखात मोटारसायकलवाल्याला ती दिसत नाहीत. जनावरही जातं आणि माणूसही.

गुरं पाळणाऱ्या घरांसाठी मुलांमार्फत पोहोचवण्याच्या गोष्टी:

- कानातला पिवळा बिल्ला. त्यावर बारा अंकी क्रमांक असतो. जनावराचं जणू आधार कार्डच. लसीकरणाची, मालकाची नोंद त्यावरून होते. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून बिल्ला नसलेल्या जनावरांच्या खरेदी-विक्रीला मनाई आहे.
- रोग लपवू नका. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा राज्यातले गुरांचे बाजार बंद करावे लागले होते. अंगावर गाठी, ताप, तोंडात फोड असं काही दिसलं तर २००९ च्या कायद्याप्रमाणे मालकाने ग्रामपंचायतीला कळवायचं असतं. आजारी जनावर वेगळं बांधायचं, बाजारात न्यायचं नाही. गोठ्यात गोचीड, माश्या, डास होऊ द्यायचे नाहीत, कारण लम्पीसारखे रोग त्यांच्यामुळेच पसरतात.
- मेलेलं जनावर ओढ्यात टाकू नका. नदी, तलाव, कालवा यांत रोगी जनावराचा मृतदेह टाकणं हा त्याच कायद्याखाली गुन्हा आहे. खोल पुरायचं.
- १९६२ हा क्रमांक. जनावरांच्या उपचारासाठीचा हा टोल-फ्री नंबर शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवा. १०८ जसा पाठ आहे तसा हाही हवा.

पोळ्याला किंवा बेंदराला आपण बैलांना पुरणपोळी भरवतो. तो दिवस या पाठासाठी सगळ्यात चांगला. एक दिवसाचा मान वर्षभर कसा टिकवायचा, यावर मुलांना बोलतं करा. टोकदार आरी टोचणं, ताकदीबाहेर ओझं लादणं, म्हातारं जनावर वाऱ्यावर सोडणं यांबद्दल मुलं स्वतःहून बोलू लागतात.

६. पिंजऱ्यातला पोपट

हा भाग शिकवताना थोडं सांभाळून घ्यावं लागतं, कारण वर्गातल्या एखाद्या घरी पोपट असतोच. आपला रानातला पोपट पकडणं, विकणं, पिंजऱ्यात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार बेकायदेशीर आहे. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं कासव 'शुभ' म्हणून पाळणंही तसंच. मुलाला सगळ्यांसमोर उभं करून 'तुझ्या घरी गुन्हा चाललाय' असं कधीही म्हणू नका. पाळीव आणि रानटी यांतला फरक समजावून सांगा. गाय, कुत्रा, मांजर हजारो वर्षं माणसासोबत राहिलेत, पोपट मात्र थव्यात उडणारा पक्षी आहे. पालकांशी नंतर एकट्याने बोला. बरीच वर्षं पिंजऱ्यात राहिलेला पक्षी एकदम उडवून देणंही धोक्याचं असतं, म्हणून वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर विचारून त्यांच्या सल्ल्याने करावं.

७. वर्गात घेता येतील असे उपक्रम

पंधरा मिनिटांचा अनुभव. 'पंधरा मिनिटं धुवा' हे म्हणायला सोपं आहे. मुलांना एका बाहुलीचा पाय साबणाने धुवायला लावा आणि घड्याळ लावा. चार-पाच मिनिटांतच मुलं विचारू लागतात, "झालं का बाई?" त्यानंतर ती हा आकडा विसरत नाहीत.

झाड आणि दगड. अनोळखी कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही, ओरडायचं नाही, डोळ्यांत बघायचं नाही. हात अंगाशी धरून 'झाड' व्हायचं. पडलोच तर गुडघे पोटाशी घेऊन, मान आणि कान हाताने झाकून 'दगड' व्हायचं. मैदानावर हा खेळ घ्या. जेवणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांजवळच्या कुत्रीजवळ जायचं नाही, हेही यात सांगा.

आमच्या गल्लीची नोंद. चौथी-पाचवीच्या मुलांनी तक्ता करायचा : घर, प्राणी, संख्या, लस दिली का, बिल्ला आहे का, रात्री कुठे बांधतात. बेरीज, आलेख असं गणितही यात येतं.

पत्रलेखन. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना पत्र : 'आमच्या गावात कुत्र्यांच्या लसीकरणाचं शिबिर घ्यावं.' २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. रेबीजची लस शोधणारे लुई पाश्चर यांचा तो स्मृतिदिन. १८८५ मध्ये त्यांनी कुत्रा चावलेल्या नऊ वर्षांच्या मुलावर ही लस पहिल्यांदा वापरली आणि तो वाचला. आपल्या चौथीतल्या मुलाएवढाच तो होता, हे सांगा. पत्र त्या दिवसाच्या महिनाभर आधी पाठवा म्हणजे शिबिर वेळेवर होऊ शकेल.

स्वाध्याय

१. कुत्र्याने बोचकारलं तर तुम्ही सगळ्यात आधी काय कराल? क्रमाने लिहा.
२. कानाला खाच असलेलं कुत्रं दिसलं तर त्यावरून काय समजतं?
३. चावलेल्या कुत्र्याला लांब सोडून येणं चूक का आहे? दोन कारणं सांगा.
४. आजी-आजोबांना विचारून गावच्या कोंडवाड्याची माहिती पाच ओळींत लिहा.
५. तुमच्या घरच्या एका प्राण्याच्या बाजूने मालकाला पत्र लिहा.

शेवटी

त्या मुलीचे सगळे डोस पूर्ण झाले. ती ठणठणीत आहे. पिल्लूही दहा दिवसांनंतर तसंच शेपटी हलवत होतं. तिसऱ्या डोसाला जाताना तिची आई म्हणाली, "मॅडम, तेव्हा मी तसं बोलले नसते तर पोरीनं त्याच दिवशी सांगितलं असतं." मी म्हटलं, "ताई, मीपण वर्गात तसंच बोलत होते."

आता ते पिल्लू त्यांच्याच अंगणात आहे. पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन त्याला लस टोचली आणि त्याचं कार्ड मुलीच्या दप्तरात असतं. रोज कुणा ना कुणाला दाखवते. मागच्या आठवड्यात पहिलीतला एक मुलगा मांजर बोचकारल्याचं सांगायला स्वतःहून माझ्याकडे आला. त्याला ती घेऊन आली होती. नळ सोडून तिने त्याचा हात आधीच धुवायला लावला होता, आणि मला म्हणाली, "बाई, घड्याळ बघा, अजून सात मिनिटं राहिलीत."

तुम्हीही आपल्या वर्गात हा पाठ घ्या. सगळं एकाच दिवशी घ्यायची गरज नाही. पण 'काही झालं तर आधी सांगा, कुणी रागावणार नाही' हे वाक्य उद्याच्या परिपाठात नक्की सांगा. आणि मूल सांगायला आलं तर खरोखर रागावू नका.